बोटांपासून वर विणायचे जाळीचे लांब मोजे, आपल्याच पोटरीच्या मापाने

मागच्या डिसेंबरात माझे पहिलेवहिले गुडघ्यापर्यंतचे जाळीचे मोजे घालून मी सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला गेले, आणि पहिला चढ संपायच्या आत दोन्ही मोजे घोट्याशी गोळा होऊन बसले. दर पन्नास पावलांवर वाकून वर ओढायचे, परत दहा पावलांत खाली. जाळी एकदम झकास आली होती, दुःख त्याचंच! बोटांपासून गुडघ्यापर्यंत मी सरळ ७२ टाक्यांची नळी विणली होती आणि पाय काही नळी नसतो. घोट्याला ढगळ, पोटरीला ताणलेली, आणि ताणलेली वीण नेहमी अरुंद जागेकडे सरकते, म्हणजे खाली घोट्याकडे.

मग उसवले, पायाची मापं घेतली, गणित मांडलं आणि परत विणले. तेच सगळं इथे लिहितेय. जाळीला लोक उगाच घाबरतात. सुलट-उलट, दोन टाके एकत्र आणि दोरा पुढे घेऊन वेढा एवढं येत असेल तर जाळी येते. खरं काम पोटरीच्या आकाराचं आहे, आणि त्याची युक्ती एकच, जाळी पायाच्या पुढच्या बाजूला ठेवायची आणि वाढवणं-घटवणं सगळं मागच्या साध्या विणीत करायचं, म्हणजे जाळीचा एकही टाका हलत नाही.

बोटांपासून वर का विणायचं, तर विणता विणता घालून बघता येतं. वरून खाली विणताना पोटरीचा अंदाज पहिल्याच दिवशी बांधावा लागतो, इथे आधी पाऊल, मग टाच, मग घोटा, आणि पोटरीला पोचेपर्यंत अर्धा मोजा पायात घालून झालेला असतो. शिवाय लोकर संपत आली तर मोजा जरा आखूड होतो, वरून विणत आलं तर पंजाच राहून जातो.

लोकर कुठली? मोज्याची म्हणून जी बारीक लोकर मिळते ती घ्या, ७५ टक्के लोकर २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅमच्या लडीत साधारण ४०० मीटर. दोन लांब मोज्यांना एक लडी पुरत नाही, दोन घ्याच. तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडच्या आजूबाजूला स्वेटरची लोकर ढीगभर मिळते पण ही बारीक मोज्याची मला तरी ऑनलाईनच मागवावी लागली. अॅक्रिलिकवर हात बसवायला हरकत नाही, फक्त ते धुऊन ताणून वाळवलं तरी परत आहे तसंच होतं आणि जाळी उघडत नाही. निव्वळ सुती दोऱ्याचे तर नकोच, सुताला लवचिकपणा नसतो, दोन तासांत पिशवी होते त्याची. पुण्याच्या थंडीला लोकर जास्त होते असं कुणी म्हणेल, पण जाळी आहे ना, आणि पहाटे दहा-बारा डिग्रीत टेकडीवर जाणाऱ्याला विचारा.

सुयांचं एक प्रकरण आहे. मी दुकानात जाऊन म्हटलं, "काका, बारीक सुया द्या, सव्वादोन मिलिमीटरच्या." काका म्हणाले, "ताई, मिलिमीटर नको, नंबर सांगा." मला काय नंबर माहीत! त्यांनी दहा नंबर काढून दिला, "हा बारीकच आहे." घरी येऊन मोजला तर सव्वातीन निघाला. आपल्याकडे अजून जुना इंग्लिश नंबर चालतो आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: १० म्हणजे ३.२५ मिमी, ११ म्हणजे ३, १२ म्हणजे २.७५, १३ म्हणजे २.२५ आणि १४ म्हणजे २ मिमी. आपल्याला १३ नंबर हवा, आणि तोही गोल, म्हणजे मध्ये केबल असलेली सर्क्युलर सुई, लांबी ८० सेंटीमीटर किंवा जास्त. त्या एकाच सुईवर मॅजिक लूपने सगळा मोजा होतो, अर्धे टाके एका टोकावर, अर्धे दुसऱ्यावर, मधली केबल लूप करून बाहेर काढलेली. बाकी वेगळ्या रंगाचा दोरा, बोथट सुई, टेप आणि एक वही. वही नसेल तर सुरूच करू नका, पुढे कळेल का ते.

आता नमुना. चाळीस टाके घालून अर्धी साधी वीण, अर्धी जाळी असा तळहाताएवढा तुकडा विणा, धुवा, वाळवा, मग मोजा. न धुता मोजलेलं माप खोटं असतं. माझ्या हाताने १० सेंटीमीटरमध्ये ३२ टाके आणि ४४ ओळी आल्या, म्हणजे सेंटीमीटरला ३.२ टाके आणि ४.४ ओळी. तुमचे ३० येतील किंवा ३४, तर पुढचे आकडे तुमच्या हिशोबाने बदला.

मापं घेताना उभं राहून घ्या, बसल्यावर पोटरी वेगळी भरते. माझी अशी: चवड्याचा घेर २२, घोट्याचा घेरही २२, पोटरी सगळ्यात जाड जिथे आहे तिथे ३५, गुडघ्याच्या खाली ३३, पावलाची लांबी साडेतेवीस. हे झाले घेर. उंच्या पण हव्यात आणि त्याच लोक विसरतात: जमिनीपासून जाड पोटरीपर्यंत २८ आणि गुडघ्याखाली ४०. सगळं सेंटीमीटरमध्ये.

मोजा पायापेक्षा लहान विणायचा असतो, साधारण दहा टक्के, तरच तो धरून बसतो. चवडा २२ गुणिले ३.२ म्हणजे ७०, त्यातून दहा टक्के गेले, ६३, मी ६४ धरले. पोटरी ३५ गुणिले ३.२ म्हणजे ११२, दहा टक्के वजा, १०० धरले. गुडघ्याखाली जरा जास्त घट्ट हवं म्हणून पंधरा टक्के कमी केले, १०५ चे ९० च्या आसपास, आणि वरच्या रिबला, म्हणजे २ सुलट २ उलट अशा ताणल्या जाणाऱ्या काठाला, चारने भाग जायला हवा म्हणून ८८. म्हणजे मोज्याचा नकाशा ६४, मग १०० आणि शेवटी ८८. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर.

सुरुवात पंजापासून. टाके घालायचे प्रकार बरेच आहेत, जुडी बेकर यांची २००६ मध्ये आलेली मॅजिक कास्ट-ऑन जगभर चालते, पण पहिल्या खेपेला मला टर्किश पद्धत सोपी गेली. सुईची दोन्ही टोकं एकावर एक समांतर धरा. खालच्या टोकावर एक सैल गाठ घाला, ती मोजायची नाही. आता दोरा मागून वर, वरून पुढे, पुढून खाली असा दोन्ही टोकांभोवती मिळून १२ वेळा गुंडाळा, पतंगाच्या मांज्यासारखा घट्ट नाही, नुसता टेकलेला. खालचं टोक ओढून ते वेढे केबलवर जाऊ द्या आणि त्या मोकळ्या झालेल्या टोकाने वरच्या सुईवरचे १२ वेढे सुलट विणा. मग काम फिरवा, केबलवरचे वेढे सुईवर आणा, गाठ सोडून द्या आणि हे १२ पण विणा. झाले २४ टाके, आणि पंजाला शिवण नाहीच. पहिल्या दोन फेऱ्या हातात कोळ्याचं जाळं धरल्यासारखं वाटतं, सगळं लोंबतंय, काहीतरी चुकलंय असं वाटतं. चुकलेलं नसतं, विणत राहा.

पंजा वाढवताना वरच्या आणि तळव्याच्या बाजूला, दोन्ही कडांना, एक टाका सोडून, एकेक टाका वाढवायचा, म्हणजे एका फेरीत चार. टाका वाढवायचा म्हणजे दोन टाक्यांमधला आडवा दोरा सुईवर उचलायचा आणि पीळ देऊन विणायचा, पीळ दिला नाही तर तिथे भोक राहतं. एका बाजूला डावीकडे पीळ, दुसऱ्या बाजूला उजवीकडे. एक फेरी वाढवायची, एक साधी, असं दहा वेळा केलं की २४ चे ६४. बोटं रुंद असतील तर पहिल्या तीन वाढी लागोपाठच्या फेऱ्यांत करा, पंजा बोथट होतो.

६४ झाले की वरच्या बाजूचा एक टाका तळव्याकडे ढकला. वर ३१, तळव्याला ३३. हा विषम आकडा मुद्दाम आहे.

वरच्या ३१ वर जाळी अशी बसते: एक उलट, ९ टाक्यांची जाळी, एक उलट, जाळी, एक उलट, जाळी, एक उलट. तळवा सगळा साधा सुलट, तिथे जाळी केली तर चपलेत टोचते आणि आठवड्यात विरते. नऊ टाक्यांची जाळी:

पहिली फेरी: २ सुलट, २ एकत्र, वेढा, १ सुलट, वेढा, डावा जोड, २ सुलट.
तिसरी फेरी: १ सुलट, २ एकत्र, वेढा, ३ सुलट, वेढा, डावा जोड, १ सुलट.
पाचवी फेरी: २ एकत्र, वेढा, ५ सुलट, वेढा, डावा जोड.

दुसरी, चौथी, सहावी फेरी साधी, सुलटवर सुलट, उलटवर उलट. डावा जोड म्हणजे दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे उजव्या सुईवर सरकवायचे, मग डाव्या सुईचं टोक त्यांच्या पुढून घालून दोन्ही एकत्र विणायचे, तो डावीकडे झुकतो. नुसते २ एकत्र उजवीकडे झुकतात. हे दोन अदलाबदल झाले तरी टाक्यांची संख्या बरोबरच राहते त्यामुळे चूक लक्षात येत नाही, फक्त जाळी कशीतरी विस्कटलेली दिसते आणि आपण लोकरीला शिव्या घालतो. प्रत्येक फेरीत जेवढे वेढे तेवढेच जोड, नऊचे नऊ राहिले पाहिजेत. जाळीच्या फेरीनंतरच्या साध्या फेरीत मोजायची सवय लावा, विसरलेला वेढा तिथेच सापडतो.

एक गंमत. मोज्यांच्या जाळीचे बरेचसे तक्ते वरून खाली विणायच्या मोज्यांसाठी काढलेले असतात, ते खालून वर विणले की नक्षी उलटी होते, पानं देठ वर करून लटकतात. आपली ही जाळी मध्यापासून बाहेर उघडत जाते, म्हणजे समोरच्याला पायावर इंग्रजी व्ही दिसतो आणि वाकून बघणाऱ्या आपल्याला त्याचा डोंगर दिसतो. दुसरी कुठली जाळी घेणार असाल तर नमुना विणून तो उभा धरून बघा आधी.

पावलाची लांबी साडेतेवीस, मोजा साडेबावीसचा करायचा, टाचेत ५ जाणार, म्हणून पंजाच्या टोकापासून साडेसतरा सेंटीमीटरला जाळी थांबवून टाच सुरू. टाच फक्त तळव्याच्या ३३ टाक्यांवर, वरचे ३१ केबलवर झोपलेले. ३३ सुलट विणा, काम वळवा, दोरा पुढे आणा, पहिला टाका उजव्या सुईवर सरकवा आणि दोरा वरून मागे इतका ओढा की त्या टाक्याचे दोन पाय सुईवर दिसतील, हा झाला दुहेरी टाका. बाकीचे उलट विणा, परत वळा, परत दुहेरी टाका. पुढे प्रत्येक ओळीत आधीच्या दुहेरी टाक्याच्या अलीकडेच थांबायचं आणि वळायचं. दोन्हीकडे ११-११ दुहेरी आणि मध्ये ११ साधे उरले की अर्धी टाच झाली. आता दोन पूर्ण फेऱ्या सगळ्या ६४ वर, वरती जाळी चालू ठेवून, आणि दुहेरी टाक्याचे दोन्ही पाय एकत्र एक टाका समजून विणायचे. मग उरलेली अर्धी टाच: मधले ११ आणि पुढचा एक विणून वळा, दुहेरी टाका करा, मधले ११ आणि पलीकडचा एक विणून वळा, आणि त्यानंतर दर ओळीत दुहेरी टाका विणून त्याच्या पुढचा एक टाका घेऊन वळायचं, टोकापर्यंत. दोन्ही कोपऱ्यांत भोक पडतं, सगळ्यांना पडतं, तिथला आडवा दोरा उचलून शेजारच्या टाक्याबरोबर विणून टाका.

पावलाची कमान उंच असेल तर हीच टाच चढत नाही. माझ्या बहिणीचा पाय असा आहे, तिच्या मोज्यात टाचेच्या आधीच्या आठ फेऱ्यांत तळव्याच्या दोन्ही कडांना एकाआड एक फेरीत चार-चार टाके वाढवले, टाच मधल्या ३३ वरच केली, आणि टाच झाल्यावर तसेच एकाआड एक फेरीत घटवून परत ६४ वर आले.

आता पायाकडे वर, आणि इथे त्या ३३ चा उपयोग. मागच्या ३३ चा बरोब्बर मधला, सतरावा टाका, इथून शेवटपर्यंत उलट विणायचा. मागे एक बारीक रेघ उभी राहते, खोटी शिवण. १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र केलं त्यावर मोजा सपाट, आकार देत विणला जायचा आणि मग मागे शिवायचा, ती शिवण खरी. हातावर गोल विणणाऱ्यांना शिवणीची गरज नव्हती तरी ते उलट टाक्याची ही रेघ ठेवायचे, कारण टाके वाढवायला-घटवायला जागा सापडते आणि मोजायला सोपं जातं. जाळीचे मोजे तर त्याहून जुने आहेत, इटलीतल्या फ्लोरेन्सच्या डचेस एलिओनोरा दी तोलेदो १५६२ मध्ये गेल्या, त्यांच्या पायातले विणलेले रेशमी मोजे आजही फ्लोरेन्सच्या संग्रहालयात आहेत. आपण आपली लोकर घेऊन बसलोय ते ठीक आहे.

टाचेनंतर ६ सेंटीमीटर सरळ. मग वाढ: शिवणीच्या रेघेच्या आधी एक टाका ठेवून एक वाढवा, रेघेनंतर एक टाका सोडून एक वाढवा. ६४ चे १०० म्हणजे ३६ टाके, दर वेळी दोन, म्हणजे १८ वेळा. जमिनीपासून टाच ६, सरळ ६, जाड पोटरी २८ वर, मध्ये उरले १६ सेंटीमीटर, गुणिले ४.४, साधारण ७० फेऱ्या. १८ वेळा दर चौथ्या फेरीला म्हणजे ७२, बसलं. आणि सहा फेऱ्यांची जाळी ७२ मध्ये बरोबर १२ वेळा येते. वाढ नेहमी जाळीच्या साध्या फेरीत करा, एका सम फेरीला सुरू केली की दर चौथी फेरी समच येते, जाळी आणि वाढ एकाच फेरीत सांभाळायची कसरत नाही.

ही वही इथे लागते. दर वाढीला एक उभी रेघ. मी एकदा टीव्ही बघत "लक्षात राहील" म्हणून सोडलं, आणि दुसऱ्या मोज्याची पोटरी पहिल्याहून आठ टाक्यांनी बारीक झाली.

दर २४ फेऱ्यांनी वेगळ्या रंगाचा दोरा बोथट सुईत ओवून एका साध्या फेरीच्या सगळ्या टाक्यांतून फिरवा आणि तसाच राहू द्या. पुढे जाळी चुकली तर सुई काढून बिनधास्त उसवायचं, या दोऱ्यापाशी येऊन टाके आपोआप थांबतात. जाळीतला सुटलेला टाका वेढ्यांमधून खाली पळाला की परत चढवणं भयंकर असतं. त्याच वेळी मोजा घालून पण बघा, टाके लांब दोऱ्यावर घेऊन, आणि आरशात मागून बघा. मागची वीण आडवी ताणलेली दिसली तर पुढच्या वाढी दर तिसऱ्या फेरीला घ्या, मग त्यातल्या काही जाळीच्या फेरीत येतील, सांभाळा. सुरकुत्या असतील तर पाचव्या-सहाव्याला. कुणाची पोटरी घोट्यापासून हळूहळू भरते, कुणाची एकदम वर जाऊन फुगते, त्यामुळे माझा आकडा तुमच्या पायाला जसाच्या तसा लागेलच असं नाही.

मागे दोन्हीकडे १८-१८ नवे टाके येतात, तिथेही जाळीचा एकेक पट्टा घालता येईल, नऊ अधिक एक उलट अशी दहाची जागा झाल्यावर. पहिल्या जोडीत नका घालू.

१०० झाले की ३ सेंटीमीटर सरळ. मग घट, रेघेच्या आधी २ एकत्र, रेघेनंतर डावा जोड, दर चौथ्या फेरीला सहा वेळा, ८८. त्यावर २ सुलट २ उलट असं ४ सेंटीमीटर रिब. रिबच्या मधोमध एका फेरीत प्रत्येक दोन सुलटच्या जागी वेढा आणि २ एकत्र केलं की भोकांची रांग तयार होते, त्यातून बारीक इलॅस्टिक किंवा रिबन ओवता येते. मी ओवते. तळजाई विसरले नाहीये.

टाके बंद करताना हात सैल सोडून भागत नाही. माझ्या दुसऱ्या जोडीला मी नेहमीसारखे टाके बंद केले, आणि मोजा टाचेच्या वर जाईचना, काठ टाचेला अडकून कचकन आवाज. जेनी स्टेमन यांची २००९ ची पद्धत वापरा: प्रत्येक सुलट टाक्याआधी दोरा मागून पुढे असा, म्हणजे नेहमीच्या उलट, वेढा घ्या, टाका विणा आणि तो वेढा त्यावरून उतरवा, उलट टाक्याआधी नेहमीसारखा पुढून मागे वेढा, तेच. मग आधीचा टाका नंतरच्यावरून उतरवत जा. काठ दिसायला जरा झालरीसारखा होतो, पायात गेला की सपाट.

दुसरा मोजा लगेच त्याच आठवड्यात सुरू करा, हाताचा ताण बदलतो. पहिला मोजा झाला की त्याचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून बघा, उरलेली लोकर त्यापेक्षा कमी भरली तर आत्ताच मागवा, दुसऱ्या पोटरीशी आल्यावर नको.

धुताना साध्या पाण्यात रिठ्याचं पाणी थोडंसं, वीस मिनिटं भिजू द्या, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पायाने दाबायचं. मग सतरंजीवर जाळी आडवी ताणून टाचण्या लावा, सावलीत. टांगायचे नाहीत, ओली लोकर आपल्याच वजनाने लांबते. घराच्या ग्रिलवर टांगलेले माझे मोजे शेजारच्या काकूंना आवडले होते, "अगं, मांडीपर्यंतचे केलेस का?" म्हणून विचारलंन त्यांनी.